रिकामा रकाना

माझी चूक एका ओळीची आहे, आणि ती जगातल्या कुणालाही केव्हाही फुकटात बघता येते. ओळीशेजारी माझं नाव आहे, तारीख आहे, आणि ही ओळ का घातली याचं मी स्वतः मोठ्या ऐटीत लिहिलेलं कारणही आहे. बाकीच्यांना आपल्या चुका कपाटात कोंबून वर चादर घालता येते. आमच्या कामात ती सोय नाही.

आमचं काम म्हणजे नेमकं काय, हे अकरा वर्षांत आमच्या तुळिंजमधल्या एकाही माणसाला मला धड समजावता आलेलं नाही. इथे एकदा प्रयत्न करते. रेणू म्हणजे छोट्या गोळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, असं आम्ही धरून चालतो. खरं तसं नसतं, पण तसं धरलं की कॉम्प्युटरला झेपतं. मग कुठली स्प्रिंग किती ताठ, कुठला सांधा किती सहज फिरतो, कुठली गोळी दुसरीला किती ओढते, हे सगळे आकडे एका लांबलचक तक्त्यात लिहायचे. तो तक्ता दिला की कॉम्प्युटर रेणू हलवून दाखवतो: पाण्यात असे वागतील, पेशीच्या पातळ आवरणात असे शिरतील. या तक्त्याला फोर्स फील्ड म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा हा शब्द ऐकून नवऱ्याने विचारलं होतं, "म्हणजे कार्टूनमध्ये हिरोभोवती निळं कवच येतं, ते का?" मी नाही म्हटलं. पुढे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमचा संसार बऱ्याच बाबतींत याच धोरणावर चालला आहे.

तक्ता बरोबर असेल तर कॉम्प्युटर खरं सांगतो. चुकीचा असेल तर खोटं सांगतो, पण चित्र तितकंच देखणं असतं. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना कितीदा ऐकवलं आहे, बोट वर करून.

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा आणि वर्षभर आपण इथे आहोत की नाही या शंकेत राहायचं. पीएचडी झाली तर कायम होणाऱ्यांच्या रांगेत निदान उभं राहता येईल, म्हणून तिशीच्या आत नाव नोंदवलं. मार्गदर्शक सर गिरीज गावचे. त्यांचा सगळा जन्म प्रयोगशाळेत हाताने रसायनं बनवण्यात गेलेला. त्यांच्या वाडीत केळी-नारळीच्या आडोशाला विड्याच्या पानांचे वेल होते, आणि पानाला जो तिखट वास येतो त्यातला एक रेणू जंतूच्या आवरणात शिरून काय करतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात फार वर्षं घोळत होता. प्रयोगाची सोय कॉलेजात नव्हती. "कॉम्प्युटरवर होईल काय गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणायचे.

विकतचं सॉफ्टवेअर कॉलेजच्या आवाक्याबाहेरचं होतं. शोधता शोधता मला ती जागा सापडली. जगभरातली काही माणसं मिळून असाच एक तक्ता उघड्यावर लिहीत होती. कुणीही यावं, वाचावं, वापरावं, दुरुस्ती सुचवावी. दुरुस्ती आली की दोन जुनेजाणते ती तपासतात, हिरवी खूण करतात आणि ओळ तक्त्यात जाते. तुम्ही कोण, कुठल्या विद्यापीठाच्या, कायम की हंगामी, कुणी विचारत नाही. स्टाफरूममध्ये बसण्याआधी ही खुर्ची कुणाची तर नाही ना, हे ज्या बाईला बघावं लागतं, तिला हे केवढं वाटलं असेल याचा अंदाज करा.

मी सुरुवात भीतभीत केली. त्यांच्या माहितीपुस्तिकेत एका पानावरच्या कोष्टकांचे रकाने वाकडेतिकडे उमटत होते, ते सरळ केले. तासाभरात दोन हिरव्या खुणा आल्या, खाली कुणीतरी लिहिलं, "स्वागत!" मी त्या दिवशी जिलेबी आणली. नवऱ्याने विचारलं, कशाची? मी म्हटलं, रकाने सरळ केले. त्याने दोन जिलेब्या खाल्ल्या आणि अभिनंदन केलं.

मग मी त्यांच्यातलीच झाले. एकाआड एक गुरुवारी आमची व्हिडिओवर बैठक असे, आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ. नेमके त्याच वेळी आमच्या इमारतीतले सगळे कुकर बोलायला लागत. युरोपातल्या एका सभ्य गृहस्थाने एकदा विचारलं होतं, तुमच्या घरामागे कारखाना आहे का? हॉलमध्ये फ्रिजशेजारी माझा कॉम्प्युटर, गेम खेळणाऱ्या कुणाकडून तरी घेतलेला, दिवसरात्र घरघरत असायचा. त्याच्या मागच्या गरम वाऱ्यावर पावसाळ्यात नवऱ्याचे मोजे वाळत. वीज गेली की इन्व्हर्टर सव्वा तास टिके; तेवढ्यात आली नाही तर रेणू होते तिथे गोठून राहत. वीज आली की पुढे चालू. रेणूंना घाई नव्हती, मला होती.

विड्याच्या पानातल्या त्या रेणूला एक कडं असतं आणि कड्याला एक छोटी शेपटी. दोघं जिथे जुळतात तो सांधा किती ताठ, याचा चांगला आकडा तक्त्यात नव्हता. तो काढायला मला नऊ महिने लागले. ओळ पाठवली. तपासणाऱ्या दोघांपैकी एकाने लिहिलं, ओळीच्या शेवटी एक जागा जास्तीची सुटली आहे, ती काढा. मी काढली. दोन हिरव्या खुणा. तक्त्याच्या पुढच्या आवृत्तीत, योगदान देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं. ती यादी छापून मी सरांना नेऊन दाखवली होती.

त्या ओळीवर मग माझं सगळं उभं राहिलं. जंतूच्या आवरणात पानाचा रेणू आडवातिडवा पडत नाही, ताठ उभा राहतो, असं मला दिसलं. एकदा नाही, पाच वेगवेगळ्या आवरणांत. सर इतके खूश झाले की त्यांनी वाडीतून केळीचा अख्खा लोंगर माझ्याबरोबर रिक्षात घालून दिला. प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे हा उभा रेणू, आणि बाकीची तीन प्रकरणं म्हणजे त्याच्यापर्यंत कसं पोचलो त्याची गोष्ट.

जानेवारीत प्रबंध जवळपास लिहून झाला होता. दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली, तिसरी मिळत नाही. फेब्रुवारीअखेर द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. अकरा वर्षांचं काम पाच आठवड्यांवर आलं होतं आणि मी पहिल्यांदाच निवांत होते, कारण उरलं होतं ते फक्त परिशिष्ट.

रविवार होता. नवरा कळंबहून ताजे बोंबील घेऊन आला होता आणि स्वयंपाकघरातून विचारत होता, तळायचे की कालवण? मी परिशिष्टातला तक्ता भरत होते. आता जरा आकडेमोड सांगावी लागेल, पण थोडीच. आमचा तो सांधा फिरतो तेव्हा त्याच्या एका बाजूचे दोन शेजारी आणि दुसऱ्या बाजूचे तीन, अशा दोन त्रिक सहा जोड्या होतात. सांध्याचा ताठपणा या सहांत वाटायचा असतो. म्हणून आकड्याशेजारी एक रकाना असतो: कितीने भागायचं. प्रबंधात मी तिथे सहा लिहिलं. मग सवयीने मूळ तक्ता उघडून माझी ओळ जुळवून बघितली. तिथे तो रकाना रिकामा होता.

आधी काही वाटलं नाही. रिकामा ठेवला की कॉम्प्युटर जोड्या स्वतः मोजून भागतो, अशी माझी समजूत होती. मी घरी लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये तसंच होतं, आणि आकडा मी त्याच प्रोग्रामने काढला होता आणि त्यानेच तपासला होता. तरी खात्रीसाठी माहितीपुस्तिका उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: रकाना रिकामा असल्यास एक धरावा. एकाने भागणं म्हणजे न भागणं. माझा सांधा हवा त्याच्या सहापट ताठ झाला होता.

ते पान मला ओळखीचं वाटलं. वाटायलाच हवं होतं. त्याच पानावरचे रकाने मी सरळ केले होते. ज्या कोष्टकात हा नियम होता त्याची प्रत्येक रेघ मी ओळीत आणली होती, दोन संध्याकाळी बसून. रेघा बघितल्या. मजकूर वाचला नाही.

"अगं, तळू ना?" नवऱ्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, काहीही करा.

तरी माणूस आशा सोडत नाही. मी भागाकार नीट करून एका छोट्या आवरणात रेणू सोडले. चार दिवस ते चालत होतं आणि मी चार दिवस कॉलेजात जाऊन मुलांना सेंद्रिय रसायन शिकवून येत होते. पाचव्या दिवशी पडद्यावर बघितलं. रेणू आडवे झाले होते, एकूण एक. शेपट्या मोकळ्या झाल्याबरोबर ते कसेही पडले होते, शेकडो इतर रेणू पडतात तसेच. माझ्या चौथ्या प्रकरणात उभं राहिलेलं जे होतं, ते पानाच्या रेणूचं वागणं नव्हतं. तो माझा रिकामा रकाना होता.

सगळं पुन्हा करायला माझ्या कॉम्प्युटरवर आठ महिने लागले असते, वीज रोज असली तर. आणि पुन्हा करून सांगायचं काय, की रेणू आडवा पडतो? ते त्याच्यासारख्या रेणूंबद्दल आधीपासून माहीत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याला पहिल्यांदाच सगळं समजावून सांगितलं आणि त्याला ते पहिल्यांदाच कळलं, यासारखी वाईट वेळ नाही. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. स्प्रिंग, ताठपणा, सांधा, हे त्याला माझ्याहून बरं कळतं. इतकी वर्षं मी उगाच त्याला कमी लेखत आले होते.

"यात कुणी मरणार आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"दुसऱ्या कुणाला कळलंय?"

"नाही."

"मग आधी डिग्री घे. मग सांग. तू खोटं कुठे बोलतेयस, उशिरा बोलतेयस."

हे ऐकून मी चिडले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी चिडले नाही. मला हायसं वाटलं. दोन दिवस मी मनात तारखा मांडत होते: तोंडी परीक्षा केव्हा होईल, अधिसूचना केव्हा निघेल, त्यानंतर किती दिवसांनी चूक 'सापडली' तर शोभेल. कशी लाजेने, कशी प्रामाणिकपणे कबुली द्यायची, तो मजकूरसुद्धा मी तयार केला होता. चांगला उतरला होता.

तिसऱ्या दिवशी मी माझी ओळ आणखी कुणी वापरली आहे का ते शोधलं. कबुलीच्या मजकुरात ते घालावं लागणार होतं, म्हणून. आमच्या त्या जागेत झालेली प्रत्येक चर्चा कायम राहते. शब्द टाकला की जुनं सगळं वर येतं. एक चर्चा वर आली. दोन वर्षांपूर्वीची, बंद केलेली.

कुणीतरी विद्यार्थी होती. मी 'ती' म्हणते आहे, पण खरं तर ती की तो हे मला आजही माहीत नाही. टोपणनाव तेवढं होतं, आणि माझ्याहूनही मोडकं इंग्रजी. तिचा विषय लवंगेच्या तेलातला रेणू. तो पानातल्या रेणूचा भाऊच, तेच कडं, तीच शेपटी. तिने लिहिलं होतं: तुमच्या तक्त्यावर माझे सगळे रेणू ताठ उभे राहतात. पण प्रयोगवाल्यांना ते कललेले दिसले आहेत. हा सांधा जरा जास्त ताठ आहे का?

खाली उत्तर माझं होतं. ते लिहिल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं, म्हणून परक्याचं वाचावं तसं वाचलं. "ही ओळ दोन तज्ज्ञांनी तपासलेली आहे. तक्त्यावर शंका घेण्याआधी कृपया तुमची स्वतःची मांडणी तपासावी."

तिने पुन्हा लिहिलं होतं: मी दोनदा तपासली. माझे मार्गदर्शक म्हणतात, मीच कुठेतरी चुकते आहे. तुम्ही एकदा ती ओळ बघाल का?

मी ओळ बघितली नव्हती. मी माहितीपुस्तिकेतल्या एका पानाचा दुवा दिला होता, 'हे नीट वाचावे' असं लिहून, शेवटी हसरा चेहरा काढून. तेच पान. आणि चर्चा बंद केली होती. त्या दिवशी काय होतं कोण जाणे. पाण्याचा टँकर आला नसेल, किंवा कॉलेजातले तास बदलले असतील. काहीही असलं तरी एक ओळ बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

मला कुणी कधी असं बोललं असतं तर मी आठवडाभर धुमसले असते. कॉलेजातल्या कायम मंडळींचा जो सूर ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात जाते, अगदी तोच सूर, शब्दाला शब्द. चार हिरव्या खुणा मिळाल्या आणि मी तो लगेच उचलला होता.

मी नवऱ्याला ते वाचून दाखवलं, मराठी करून. तो म्हणाला, "आमच्याकडे लिफ्ट बिघडली की आधी दारावर बोर्ड लावतो. दुरुस्ती मागाहून." आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

सरांना सांगायला गिरीजला गेले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. विद्यापीठाने मला तेवढं त्यांची शेवटची विद्यार्थिनी म्हणून ठेवलं होतं. डोळे फार अधू झालेले. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. सरांच्या पत्नीने, आंटींनी, मला बघून "बस गं, पानी आनते" म्हटलं आणि आत गेल्या. मी सगळं सांगितलं.

"चौथं प्रकरण काढून टाक," शेवटी ते म्हणाले. "तीनावर दे."

"सर, पहिली तीन चौथ्यासाठीच आहेत."

"मग काय राहतं?"

"मुखपृष्ठ."

ते हसले. आंटी पाणी ठेवून गेल्या. सर म्हणाले, "एक सांगू काय तुला? ती ओळ तू मला दाखवलीस ना, कागदावर छापून आणलेली, तेव्हा मी भिंग घेऊन अर्धा तास बघत होतो. मला त्यातलं काहीच कळलं नाही. कधीच कळलं नाही. तू करत होतीस, मी सही करत होतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त हे कळलं, की या सगळ्या वर्षांत ती ओळ खऱ्या अर्थाने एकाही माणसाने बघितलेली नव्हती. सरांनी माझ्यावर भरवसा टाकला, मी त्या दोन खुणांवर, खुणा करणाऱ्यांनी माझ्या नऊ महिन्यांवर. उघड्यावर ठेवलेल्या गोष्टीवर सगळ्यांची नजर असते, असं मी समजत होते. उघड्यावर असली की दुसऱ्या कुणीतरी बघितलीच असेल, असं प्रत्येकाला वाटतं. बघितली होती ती फक्त त्या लवंगवालीने, आणि तिला मी पान वाचायला पाठवलं होतं.

निघताना सर म्हणाले, "तू देऊन टाक म्हणालीस तर मी सही करीन." मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "बरं." त्या 'बरं'मध्ये सुटका होती की निराशा, मला कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

मंगळवारी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये बसून मी सगळं लिहिलं. माझी ओळ, रिकामा रकाना, सहापट, कुठली कुठली कामं यामुळे चुकली असतील त्याची यादी, यादीत पहिलं काम माझं. तयार ठेवलेला तो चांगला मजकूर वापरला नाही. मग ती जुनी चर्चा उघडली आणि खाली लिहिलं: तुमचं बरोबर होतं. सांधा चुकीचा होता आणि चूक माझी होती. तेव्हा मी तुमच्याशी जसं बोलले त्याची मला लाज वाटते.

लोक चांगले वागले. हेच सहन होत नाही. कुणी रागावलं असतं तर मी भांडले असते. लाल बदाम आले, अंगठे आले, 'हाच खरा विज्ञानाचा मार्ग' असं कुणीतरी लिहिलं. ओळ तपासणाऱ्या दोघांपैकी एक तो युरोपातला सभ्य गृहस्थच होता; त्याने लिहिलं की जास्तीची जागा आपल्याला दिसली आणि हे दिसलं नाही, याचं वाईट वाटतं. संध्याकाळच्या आत कुणीतरी रिकाम्या रकान्यात सहा टाकला, दोन खुणा झाल्या, संपलं. आमच्याकडे कॉम्प्युटरला द्यायची एक आज्ञा आहे: कुठलीही ओळ दाखवा, ती शेवटची कुणी लिहिली ते सांगते. आता त्या ओळीवर सहा टाकणाऱ्याचं नाव येतं. माझ्या नऊ महिन्यांचा आकडा तसाच आहे, पण ओळ त्याची. माझी ओळ बघायची तर मागे, इतिहासात जावं लागतं.

तिसऱ्या मुदतवाढीसाठी मी विद्यापीठात जाऊन बघितलं. खिडकीतल्या माणसाने फाइल चाळली. "मॅडम, प्रबंध लिहून तयार आहे ना?" मी हो म्हटलं. "गाइडची सही?" मिळेल म्हटलं. "मग द्या की! मुदत कशाला हवी?" मी म्हटलं, त्यात चूक आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चुकीच्या खिडकीवर आले आहे. मग दयेने म्हणाला, "अहो, सगळ्यांच्यात असते." नोंदणी रद्द झाल्याचं पत्र मार्चमध्ये आलं, दोन ओळींचं. नवऱ्याने ते घडी घालून लाइटबिलांच्या फाइलमध्ये ठेवलं, कारण आमच्याकडे महत्त्वाच्या कागदांची तेवढी एकच फाइल आहे.

नव्याने नोंदणी करा, असं सांगणारे भेटतात. सर आता कुणाचे मार्गदर्शक होऊ शकत नाहीत. मी चाळिशीत आहे. आणि तो तक्ताही फार दिवस राहणार नाही. आकडे माणसांनी न काढता कॉम्प्युटरनेच शिकून घ्यायचे, अशी नवी पद्धत आली आहे. पुढच्या आवृत्तीनंतर जुना तक्ता आहे तसा थांबवायचा, असं गुरुवारच्या बैठकीत ठरलं. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. दुरुस्त झालेली ओळ वर्षभर तरी कुणाच्या उपयोगी पडेल का, शंका आहे. कॉम्प्युटर बंद असतो. हॉलमध्ये इतकी शांतता असते की शेजारच्यांची मालिका भिंतीतून ऐकू येते.

जूनमध्ये, कॉलेजचा नवा अर्ज भरत होते त्या दुपारी, त्या जुन्या चर्चेखाली उत्तर आलं. चार महिन्यांनी. टोपणनाव तेच.

तिने लिहिलं होतं: कळवल्याबद्दल आभार. मी ते शिक्षण त्याच वर्षी सोडलं. ज्याला साधी मांडणी जमत नाही त्याने या विषयात राहू नये, असं माझे मार्गदर्शक म्हणाले होते. तुमचं उत्तर मी त्यांना दाखवलं होतं, त्यामुळे त्यांची खात्री झाली. माझीही झाली. आता मी औषधांच्या दुकानात काम करते, बरं चाललं आहे. रेणू खरंच कललेला होता हे वाचून मी दुकानात रडले. मला वाटायचं, मला डोकं नाही.

मी उत्तर लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. पुन्हा सुरू करा, असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? माझी पदवी गेली ती माझ्या चुकीने गेली, त्याबद्दल रडायला मी मोकळी आहे. तिची गेली ती ती बरोबर होती म्हणून.

अर्ध्या तासाने व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांची नम्र सूचना आली. आवृत्ती थांबवायची असल्याने उघड्या राहिलेल्या चर्चा संपवायच्या आहेत. ही तुम्ही पुन्हा उघडली होती, तेव्हा बंदही तुम्हीच करावी. बंद करताना कारण निवडावं लागतं आणि कारणं दोनच असतात: 'पूर्ण झाले' किंवा 'करणार नाही'. तिच्या उत्तराखाली तोवर कुणीतरी अंगठा ठेवून गेलं होतं. मी दोन्ही कारणं पुन्हा पुन्हा वाचली, 'पूर्ण झाले' दाबलं, आणि अर्जावर सही करून ऑफिसात द्यायला निघाले.